एक्सपीला नवीन प्रोसेसरचं नाव कळतंय, पण दुसरा कोअर दिसत नाही. काय करावं?

मागवाला_अक्कलकोटरोड (सोमवार, रात्री १०.१२)
नमस्कार मंडळी. आमचा अक्कलकोट रोडला छोटा कारखाना आहे, चादर आणि टॉवेलचा. मागांच्या पलीकडच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर वडील जॅकार्डची (मागावर विणायची) नक्षी काढायचे आणि त्याच्यावरूनच कार्ड पंचिंगच्या, म्हणजे नक्षीप्रमाणे कार्डाला भोकं पाडणाऱ्या मशीनला काम जातं. विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक ३. नक्षीचं सॉफ्टवेअर २००८ चं, पाठीमागं प्रिंटरच्या पोर्टला लॉक (सॉफ्टवेअरच्या परवान्याची डबी) लावला तरच उघडतं, आणि एक्सपीच्या पुढं कशावर चालत नाही. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी काढलेल्या सगळ्या बॉर्डरी, मोर, वेलबुट्टी त्याच्यातच आहे, म्हणून ही मशीन मला सोडायची नाही.

मोठ्या चादरीची नक्षी असली की सेव्ह करायला सहा-सहा मिनिटं लागायची. मदरबोर्ड जी ३१ चिपसेटचा, त्यावर सेलेरॉन ४३० प्रोसेसर होता, १.८ गिगाहर्ट्झ, एकच कोअर (प्रोसेसरच्या आतला काम करणारा भाग). एका ओळखीच्याकडून जुना कोअर टू ड्युओ ई ७५०० मिळाला, २.९३ गिगाहर्ट्झचा, तो रविवारी बसवला. चालू झालं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) नाव बरोबर, माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पण ई ७५०० लिहून येतंय. पण टास्क मॅनेजरमध्ये आलेख एकच! दुसरा कोअर कुठं गेला? प्रोसेसर खराब आला का एक्सपीलाच कळत नाही? फॉरमॅट मारायचं नाही, लॉकच्या ड्रायव्हरची फ्लॉपी सापडत नाहीये.

जुळेसोलापूरकर (रात्री १०.२०)
टास्क मॅनेजरमध्ये व्ह्यू, सीपीयू हिस्टरी, तिथं 'वन ग्राफ पर सीपीयू' ला टिक आहे का बघा आधी. कधी कधी सगळे कोअर एकाच आलेखात दाखवायचं सेटिंग असतं.

मागवाला_अक्कलकोटरोड (रात्री १०.३१)
बघितलं. टिक तिथंच आहे, तरी आलेख एकच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रोसेसर्स उघडलं तरी एकच ओळ.

कडकभाकरी (रात्री १०.३५)
टॉवेलच्या धाग्यासाठी इथं धागा काढला, सोलापूरकर शोभता बघा. मला यातलं कळत नाही पण शेवटपर्यंत वाचणार.

बोर्डडॉक्टर (रात्री ११.०२)
दादा, प्रोसेसर चांगला आहे, घाबरू नका. मी बावीस वर्षं हेच काम करतोय, एक्सपीच्या काळात असले किती तरी केले.

नाव दिसणं आणि कोअर वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी. नाव प्रोसेसरच्या आतच लिहिलेलं असतं, एक्सपी दरवेळी चालू होताना ते विचारून घेते आणि जसंच्या तसं दाखवते. त्याच्यासाठी तिला काही शिकावं लागत नाही. पण काम किती कोअरला वाटायचं हे ठरतं ते हाल नावाच्या, विंडोज आणि हार्डवेअरची गाठ घालणाऱ्या फाइलवर आणि कर्नलवर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यावर, आणि एक्सपी या दोन्ही गोष्टी *इन्स्टॉल करताना एकदाच* निवडते. त्या दिवशी तुमच्या बोर्डवर एक कोअरचा सेलेरॉन होता, म्हणून तिनं एक कोअरवालं बसवलं. आता तुम्ही दोनवाला लावला, पण तिची वही तीच.

कारखान्याच्या भाषेत सांगतो. मुकादमाला पहिल्या दिवशी सांगितलं एकच माग आहे. नंतर तुम्ही शेजारी दुसरा माग उभा केला, पण त्याच्या हजेरीवहीत एकच नाव. मग तो सूत एकालाच देणार, दुसरा माग नुसता उभा.

आता एवढंच बघून सांगा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात वर 'कॉम्प्युटर' म्हणून आहे, त्याच्या पुढचं अधिकचं चिन्ह दाबा. आत काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर इथं टाका. पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आणि तोपर्यंत कशाला हात लावू नका.

पुण्यातला_सोलापूरकर (रात्री ११.४०)
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. २००१ मध्ये आलेली सिस्टीम, तिला अजून किती वर्षं ओढणार? धंदा त्या एका डब्यावर आहे आणि तो उद्या बंद पडला तर? प्रोसेसर बदलून दोन-तीन वर्षं मिळतील. नवीन सॉफ्टवेअरचा विचार करा.

मागवाला_अक्कलकोटरोड (मंगळवार, सकाळी ७.१५)
@पुण्यातला_सोलापूरकर राग नाही. नवीन सॉफ्टवेअरचा दर विचारला होता, माझ्या दोन मागांच्या किमतीएवढा सांगितला, वर जुन्या नक्षीच्या फाइल त्यात उघडतील याची खात्री नाही म्हणाले. वडिलांची चारशेच्या वर डिझाइन्स आहेत. ती परत हातानं काढायची म्हटलं तर माझं आयुष्य जाईल, आणि त्यांच्यासारखी यायची पण नाहीत.

@बोर्डडॉक्टर साहेब, आत लिहिलंय: एसीपीआय युनिप्रोसेसर पीसी.

निवृत्त_गुरुजी (सकाळी ८.०५)
हा विषय जुना आहे बरं का. विंडोज ९५ च्या काळात आमच्या शाळेत एएमडीचा के ६-२ आणला होता, ३५० मेगाहर्ट्झचा. चालू करताना प्रत्येक वेळी नाही पण अधूनमधून विंडोज प्रोटेक्शन एरर देऊन थांबायचा. आम्ही रॅम बदलली, हार्ड डिस्क बदलली. दोष त्या कुठल्याच वस्तूचा नव्हता. सिस्टीम एक ठरावीक फेरा फिरवून प्रोसेसरचा वेग मोजायची, आणि हा प्रोसेसर तो फेरा इतक्या झटकन संपवायचा की मोजलेला वेळ शून्य यायचा. शून्यानं भागायला गेली की कोसळली! पुढं त्याची दुरुस्तीची फाइल आली. ज्यांनी सिस्टीम लिहिली त्यांना एवढा वेगवान प्रोसेसर येईल असं वाटलंच नव्हतं. तुमच्या एक्सपीचं त्यातलंच.

बोर्डडॉक्टर (सकाळी ९.३०)
गुरुजी, बरोबर. के ६-२ ची ती भानगड मी पण भोगली.

मागवाले दादा, युनिप्रोसेसर (एकच प्रोसेसर) लिहिलंय म्हणजे तुमचं नशीब चांगलं. तिथून मल्टिप्रोसेसरवर जायला सरळ रस्ता आहे, फॉरमॅट लागत नाही. पण आधी अख्ख्या हार्ड डिस्कची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी प्रत काढा, क्लोनझिला नावाच्या सॉफ्टवेअरनं निघते, फुकट आहे. नुसत्या डिझाइनच्या फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन भागणार नाही, कारण लॉकचा ड्रायव्हर तुमच्याकडं परत टाकायला नाही. प्रत काढल्यावर तीच डिस्क लावून मशीन एकदा चालू करून बघा. चालू होत नसेल तर ती प्रत नव्हे.

मग असं करा: त्या युनिप्रोसेसरच्या ओळीवर उजवं क्लिक, अपडेट ड्रायव्हर. इंटरनेटवर शोधू का विचारेल, नको म्हणा. यादीतून निवडतो म्हणा, मग 'शोधू नको, मीच निवडतो' असा पर्याय असतो तो घ्या. यादीत एसीपीआय मल्टिप्रोसेसर पीसी दिसेल. तोच. त्याच्या आजूबाजूला स्टँडर्ड पीसी वगैरे दिसलं तर चुकूनसुद्धा निवडायचं नाही, त्यानं मशीन चालूच होत नाही. सर्व्हिस पॅकची सीडी मागितली तर हाताशी ठेवा. रीस्टार्ट झालं की पाच-दहा मिनिटं नवीन हार्डवेअर सापडलं, नवीन हार्डवेअर सापडलं असं करत बसेल. घाई करू नका, सगळं होऊ द्या, परत एकदा रीस्टार्ट मारा.

शाळेचीलॅब_मोहोळ (सकाळी ११.१०)
सर, आमच्याकडं पण हेच! शाळेच्या लॅबमध्ये दोन मशीनना मी ड्युअल कोअर लावले, पण आत युनिप्रोसेसर नाही, नुसतं 'एसीपीआय पीसी' लिहिलंय. अपडेट ड्रायव्हरच्या यादीत मल्टिप्रोसेसर येतच नाही. मागच्या वर्षी एकानं सांगितलं म्हणून दुसऱ्या मशीनमधली हाल फाइल कॉपी करून सिस्टीम ३२ मध्ये टाकली तर काळा स्क्रीन आला, हाल सापडत नाही म्हणून. मुलींचे प्रोजेक्ट गेले त्यात. अजून वाईट वाटतं.

बोर्डडॉक्टर (दुपारी १.२०)
ताई, नुसती हाल बदलून चालत नाही, तिच्या जोडीचं कर्नल पण त्याच जातीचं लागतं आणि सर्व्हिस पॅक पण तोच लागतो. एक दुसरं आणि एक तिसरं झालं की गाडी उभी. लास्ट नोन गुड (शेवटच्या चालत्या सेटिंगवर जायचा पर्याय) दाबून पण उपयोग नाही, त्यात रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंद, मागं जाते, फाइल बदललेल्या तशाच राहतात.

एसीपीआय पीसी म्हणजे त्या मशीनवर एक्सपी इंटरप्टच्या, म्हणजे हार्डवेअरनं प्रोसेसरला हाक मारायच्या, जुन्या पद्धतीनं बसलीये. बायोसमध्ये एपिक, म्हणजे त्याची नवी पद्धत, बंद असताना इन्स्टॉल केलं असेल, नाहीतर दुसऱ्याच जुन्या मशीनची घोस्ट इमेज (अख्ख्या डिस्कची नक्कल) मारली असेल. आपल्याकडं दुकानात एकच इमेज दहा मशीनला मारायची पद्धत होती. त्याला उपाय रिपेअर इन्स्टॉल. बायोसमध्ये एपिक चालू करा, सर्व्हिस पॅक ३ च्या सीडीवरून बूट करा. पहिल्याच स्क्रीनवर आर दाबू नका, ते रिकव्हरी कन्सोल असतं. एंटर मारा, एफ ८ दाबून पुढं जा, आता जुनी विंडोज दाखवून रिपेअर करू का विचारेल, *तिथला* आर दाबा. हार्डवेअर नव्यानं तपासलं जातं आणि मल्टिप्रोसेसर आपोआप बसतं. मुलांच्या फाइल आणि सॉफ्टवेअर राहतात, तरी प्रत आधी काढाच.

पेंग्विन_विजापूररोड (दुपारी २.००)
म्हणून म्हणतो लिनक्स टाका. प्रोसेसर बदला, बोर्ड बदला, टर्मिनलवर एनप्रॉक मारा, कोअर किती ते लगेच समोर.

मागवाला_अक्कलकोटरोड (दुपारी २.१५)
दादा, लिनक्सवर पंचिंगचं सॉफ्टवेअर आणि पाठीमागचा लॉक चालवून दाखवा, कारखान्यात या, जेवून जा, शेंगाचटणी आणि कडक भाकरी माझ्याकडून.

कडकभाकरी (दुपारी २.१८)
माझं नाव घेतलं का कुणी?

पेंग्विन_विजापूररोड (दुपारी २.४०)
लॉकचं अवघड आहे, मान्य. प्रिंटर पोर्टवरचा लॉक व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर) नेऊन चालवायचा मी एकदा प्रयत्न केला होता, जमलं नाही. पण एक काम करा, त्या मशीनची नेटची वायर काढून ठेवा. एक्सपी आता नेटवर ठेवण्यासारखी नाही.

मागवाला_अक्कलकोटरोड (दुपारी २.४४)
नेट लावलेलंच नाही कधी. पेन ड्राइव्ह पण एकच, घरचा.

हिशोबनीस (सायंकाळी ५.५०)
माझा अनुभव थोडा वेगळा, विंडोज ७ चा. ऑफिसच्या मशीनमध्ये कोअर टू ड्युओ काढून क्वाड क्यू ६६०० लावला तर चारऐवजी दोनच कोअर दिसत होते. दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी सापडलं ते एमएसकॉन्फिगमध्ये, बूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथं 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' ला टिक करून दोन ठेवलेलं होतं. आधी कुणीतरी व्हिडिओ बघून 'कॉम्प्युटर फास्ट करा' म्हणून ते केलेलं. टिक काढली, रीस्टार्ट केलं, चारही हजर. ती टिक वेग वाढवायला नाहीच, कोअर *कमी* करून तपासणी करायला आहे. हाल वगैरे काही बदलावं लागलं नाही. एक्सपीत पण बूट डॉट आयएनआय फाइलमध्ये नमप्रॉक म्हणून तसलंच असतं, मागवाल्यांनी तेही बघून घ्यावं.

जुळेसोलापूरकर (सायंकाळी ६.१५)
आणि एक्सपी होम आहे का प्रोफेशनल? होमला एकच प्रोसेसर चालतो असं ऐकलंय, मग दुसरा कोअर कसा घेणार?

बोर्डडॉक्टर (सायंकाळी ६.३५)
हिशोबनीस साहेबांचा मुद्दा पक्का, ते आधी बघा. होमचं मात्र लोकांचं चुकतं. मर्यादा सॉकेटची आहे, कोअरची नाही. होमला एक सॉकेट, प्रोफेशनलला दोन. एका सॉकेटमधल्या प्रोसेसरला दोन कोअर असोत का चार, होम सगळे घेते.

पुण्यातला_सोलापूरकर (सायंकाळी ७.०५)
मला एक शंका आहे. २००८ चं नक्षीचं सॉफ्टवेअर दोन कोअर वापरणार आहे का? तसं लिहिलेलं नसेल तर ते एकाच कोअरवर पळणार. जो फरक पडायचा तो सेलेरॉनवरून ई ७५०० वर आल्याबरोबर पडला असणार: घड्याळ १.८ वरून २.९३, आणि कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ५१२ केबीवरून ३ एमबी. मग हालला हात लावून धोका कशाला घ्यायचा? खरंच विचारतोय.

बोर्डडॉक्टर (सायंकाळी ७.३०)
रास्त शंका आहे. सेव्हचा वेळ आत्ता किती लागतो तो मोजून ठेवा दादा, मग नंतर मोजा. पण पंचिंग चालू असताना दुसरं काही करता येतं का नाही हा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

अजून एक. कारखान्यातला डबा आहे, पंखा काढून बघितला का? सुताचं तूस हीटसिंकमध्ये गादीसारखं बसतं. सेलेरॉन ४३० होता ३५ वॅटचा, ई ७५०० आहे ६५ वॅटचा. जुनाच पंखा लावला असेल तर सोलापूरच्या मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला तो पुरणार नाही. नवीन पेस्ट लावा, चारही पिना टक् आवाज होईपर्यंत दाबा, बोर्डच्या मागून बघा चारही बाहेर आल्यात का. एक पिन वर राहिली तरी प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो, मग तुम्ही म्हणणार प्रोसेसर बदलून उपयोग झाला नाही.

शाळेचीलॅब_मोहोळ (रात्री ८.४५)
सर, बायोस अपडेट करावं लागतं का यात? आमच्या तिसऱ्या मशीनला बायोसच प्रोसेसरची ओळख नाही म्हणतंय.

बोर्डडॉक्टर (रात्री ९.००)
तिथं लागेल. बायोसलाच ओळख नसेल तर विंडोजला हात लावून काय उपयोग. बोर्डाच्या कंपनीच्या यादीत तो प्रोसेसर कुठल्या बायोसपासून चालतो ते दिलेलं असतं. ४५ नॅनोमीटरवाले प्रोसेसर जुन्या बायोसला बऱ्याचदा कळत नाहीत. पण ताई, यूपीएस असल्याशिवाय बायोस लिहायला घेऊ नका. लिहिताना लाइट गेली की बोर्ड गेला. मोहोळला संध्याकाळी तर नकोच.

मागवाला_अक्कलकोटरोड (गुरुवार, रात्री ११.५५)
झालं!! दोन आलेख दिसताहेत!!

सविस्तर सांगतो कारण पुढं कुणाला लागेल. बुधवारी दुसरी हार्ड डिस्क आणून क्लोनझिलानं प्रत काढली, ती लावून मशीन चालू करून बघितली, लॉक पण चालला, मग ती कपाटात ठेवली. बूट डॉट आयएनआयमध्ये नमप्रॉक नव्हतं. पंखा काढला तर खरंच आत पांढरी गादी! वडील असताना दर दिवाळीला ते स्वतः साफ करायचे, त्यांच्यानंतर मी एकदाही उघडलं नव्हतं. पंखा नवीन घेतला, पेस्ट लावली, एक पिन खरंच अर्धी होती.

आज माग बंद झाल्यावर बसलो. यादीत मल्टिप्रोसेसर पीसी होतं. निवडलं, रीस्टार्ट. स्क्रीन काळा राहिला तेवढ्यात घशाला कोरड पडली. मग विंडोजचं चिन्ह आलं, नवीन हार्डवेअर सापडलं म्हणून खूप वेळ चाललं, प्रिंटरचा पोर्ट पण नव्यानं सापडला. पहिल्यांदा सॉफ्टवेअर उघडलं तर लॉक सापडत नाही म्हणालं. हात थरथरले. परत रीस्टार्ट केलं, बोर्डडॉक्टर साहेबांनी सांगितलं होतं तसं, आणि उघडलं. सिस्टीम ३२ मधल्या हाल फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये मूळ नाव पण आता हाल-एम-एसीपीआय असं दाखवतंय.

आता वेळ. तीच मोठी चादर, वडिलांची दोन मोरांची. सेलेरॉनवर साधारण सहा मिनिटं. ई ७५०० लावल्यावर, हाल बदलायच्या आधी, दोन मिनिटं चाळीस सेकंद. हाल बदलल्यावर दोन मिनिटं छत्तीस. म्हणजे पुण्याच्या दादांचं बरोबर, सेव्हला दुसऱ्या कोअरनं काही दिलं नाही. पण आधी कार्ड पंचिंगला लावलं की माउस सुद्धा अडकत चालायचा, ते संपेपर्यंत चहा पीत बसायचं. आज मशीन पंचिंग करत होतं आणि मी त्याच वेळी शेजारच्या खिडकीत दुसरी बॉर्डर काढत होतो. पंधरा वर्षांत असं पहिल्यांदा झालं या खोलीत.

पुण्यातला_सोलापूरकर (शुक्रवार, सकाळी ८.१०)
वाचून फार बरं वाटलं. मी म्हणालो होतो धोका कशाला, पण पंचिंगचा हा फायदा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. ती कपाटातली डिस्क मात्र कारखान्यात नको, घरी ठेवा. आणि लॉकची जोडी मिळते का बघा, आता सगळ्यात नाजूक वस्तू तीच आहे.

निवृत्त_गुरुजी (सकाळी ८.४०)
दोन मोरांची चादर कधी विणून झाली की फोटो टाका. माझ्या बायकोला दाखवायचाय.

शाळेचीलॅब_मोहोळ (सकाळी १०.२०)
दादा अभिनंदन! मी पण रविवारी रिपेअर इन्स्टॉल करायला घेणार. फक्त माझ्याकडं सर्व्हिस पॅक २ ची सीडी आहे, मशीनवर ३ आहे. चालेल का?

बोर्डडॉक्टर (सकाळी १०.४५)
नको ताई. मशीनवर ३ असेल तर सीडी पण ३ चीच लागते, नाहीतर नव्या-जुन्या फाइलची खिचडी होते. माझ्याकडं आहे. शनिवारी सोलापूरला येणार असाल तर दुकानावरून घेऊन जा, पत्ता निरोपात टाकतो.

मागवाला_अक्कलकोटरोड (सकाळी ११.०५)
ताई, शनिवारी येताय तर कारखान्याकडूनही जा. क्लोनची डिस्क कशी करायची ते दाखवतो, मुलींचे प्रोजेक्ट यावेळी जायला नकोत.